वाटेपर्यंत वाढवावे

मसोली, डहाणू रोड
५ ऑगस्ट २०२४

चि. वसुमती हिस,
वासुदेवाचे अ. उ. आ. हात दुखत असल्याने आशीर्वाद संक्षेपाने दिले आहेत. त्यामुळे त्यांच्या उत्तमपणात उणीव येत नाही.

तुझे पत्र पोचले. परेशने तुला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे, आणि तोवर पाय सुधारले नाहीत तर तलासरीच्या घराला कुलूप लावून तू वापीला त्याच्या चौथ्या मजल्यावर राहायला जायचे, हे वाचले. भिंत धरून चालणाऱ्या आईने एकटे राहू नये, हे तुझ्या चिरंजीवांचे म्हणणे प्रेमातून आले आहे यात शंका नाही. पण प्रेमातून आलेले विधान प्रेमळ असते, खरे असतेच असे नाही. तू लिहितेस, की दादा, तू चौतीस वर्षे पोरांना तर्कशास्त्र शिकवलेस, आता एकदा माझी बाजू मांड. वकीलपत्र स्वीकारले. अडचण एवढीच, की 'आईला नीट चालता येत नाही' हे परेशचे मुख्य विधान तुझ्याच पत्राने सिद्ध होते. ते खोडता येणार नाही; तुझे पाय सुधारून ते खोटे पाडावे लागेल.

त्यासाठी एक उपाय हाती आला आहे आणि तो आधी मी स्वतःवर करून पाहिला आहे. माझ्या मानेत एक नस दबली आहे. तिची कळ खांद्यातून निघून उजव्या अंगठ्यापर्यंत येते, म्हणजे नेमकी लेखणी धरण्याच्या जागी. गेल्या महिन्यात तुला पत्र आले नाही याचे कारण हेच. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून युक्तिवाद करता येत नाही, तेव्हा हात गेला तर तुझा-माझा संबंधच संपला. या भीतीने मी स्टेशनजवळ कीर्ती नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी बसते, तिच्याकडे गेलो. ती 'करंट' देते.

पहिल्या दिवशी तिने मला डोळे मिटायला लावले आणि हातावर जागोजाग कधी कापूस, कधी टाचणी लावून, टोचते की नुसते लागते, ते विचारले. मी जन्मभर परीक्षा घेतल्या. माझी अशी बालवाडीची परीक्षा कोणी घेतली नव्हती. मी तिला समजावले, की हात दुखतो अशी तक्रार घेऊन मी आलो आहे, त्या अर्थी हाताला कळते हे सिद्धच आहे. ती म्हणाली, काका, नियम आहे. मी तो धंद्यातला एखादा विधी समजून सोडून दिला.

मग खांद्यावर चार चिकट चकत्या लावून तिने सांगितले, की मुंग्या आल्या की बोला. मी विचारले, मुंग्या चालण्याच्या की चावण्याच्या. तिने बटण फिरवले. सहन होईल तेवढेच ठेवू, असेही ती म्हणाली. आता 'सहन होणे' याची सीमा सहन न झाल्याशिवाय कशी कळणार? म्हणून मी गप्प राहिलो. शेवटी माझा हात माझ्या परवानगीवाचून उडाला आणि तिचा चहा टेबलभर झाला. तिने आतल्या खोलीतल्या आपल्या आईला गुजरातीत काही सांगितले. त्यातले 'काका' आणि 'माथुं' एवढे दोनच शब्द मला कळले, ते पुरेसे होते.

दहा खेपांत कळ चतुर्थांशावर आली. करंटने नस दुरुस्त होत नाही, दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोचतो आणि तेवढ्या सवडीत व्यायाम करून घ्यायचा असतो, असे कीर्तीचे म्हणणे. ते मला पटले. गौरवने पुण्याहून घरी वापरायचे छोटे मशीनही पाठवले आहे. बापाशी वाद घालण्यापेक्षा मशीन स्वस्त पडते, असा त्याचा हिशेब असावा. तुझे नेमके कुठे आणि कसे दुखते ते सविस्तर कळव.

लोभ आहेच, तो वाढवण्यास हरकत नाही.
तुझा
वासुदेव

तलासरी
१२ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
वसूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग हात दुखत असताना एवढे लांब लिहिलेस म्हणून रागावले. दोन्ही तुला पोचवते. कीर्तीचा चहा भरून दिलास का, ते लिहिले नाहीस.

माझे दुखणे दोन ठिकाणी. गुडघे जिना पाहिला की कुरकुरतात. वापीच्या चौथ्या मजल्याचे नाव काढले तरी कुरकुरतात. लिफ्ट आहे म्हणे, पण ती बुधवारी बंद असते आणि इतर वारी तिचा नेम नाही. दुसरे म्हणजे तळपाय. मागल्या वर्षापासून त्यांची आग होत असे, जसे कोणी मिरची चोळली आहे. हल्ली आग बरीच कमी आहे, पण जमिनीवर पाय टाकला तर गोधडीवर टाकल्यासारखे होते, म्हणून भिंत धरते. साखरेची गोळी चालू आहे. दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, सावकाश समजावून सांगतात. पण तोंडावर मुखपट्टी असते, ओठ दिसत नाहीत, तेव्हा ते काय समजावतात ते देव जाणे. मी मान डोलावते. त्यांना बरे वाटते.

एक गंमत. परवा बारकीच्या अंगणातून घरी आले तर मागून ती हसत हसत येते आहे आणि तिच्या हातात माझी डावी चप्पल. चिखलात रुतून राहिली होती म्हणे, आणि मी एका चपलेने अर्धा पाडा चालून आले. बारकी माझी बालवाडीतली विद्यार्थिनी, आता नातवंडांची आजी आहे, पण बाईंची फजिती झाली की अजून तशीच तोंडावर हात धरून हसते.

दादा, मला हे घर सोडायचे नाही. ओट्यावर बसले की येणारा-जाणारा प्रत्येक जण हात करतो आणि मला ऐकू न येताही बोलल्यासारखे होते. वापीला दार लावले की मी, आणि समोर भिंत. यापुढे अधिक लिहीत नाही. मशीन पाठव.

माया आहे तेवढी राहू दे, म्हणजे पुष्कळ.
तुझी
वसू

मसोली
२० ऑगस्ट २०२४

चि. वसुमती हिस,
अ. उ. आ.

शेजारचा सुनिल तलासरीला शिक्षक आहे आणि रोज मोटारसायकलवर ये-जा करतो. त्याच्या हाती मशीन पाठवत आहे. त्यासोबत आलेली इंग्रजी पुस्तिका मी वाचली. तिचे लेखन इतके शिथिल आहे, की ती परत ठेवून मीच तुझ्यासाठी नऊ कलमे तयार केली. शाईने, स्वच्छ अक्षरात लिहिली आहेत. स्तुती करण्याचा हेतू नाही, पण त्यांत एकही शब्द दोन अर्थांनी वाचता येणार नाही.

विशेष लक्ष पाचव्या कलमाकडे दे: 'वाटेपर्यंत वाढवावे, वाटू लागताच थांबावे.' मी स्वतः हा नियम न पाळल्याने चहा सांडला, तेव्हा हे कलम अनुभवसिद्ध आहे. आकडे शून्यापासून पंधरापर्यंत आहेत. मी सहावर थांबतो. कापूस आणि टाचणी मी वगळली आहे. सत्तरी उलटलेल्या शिक्षिकेने स्वतःला टाचणी टोचत बसणे शोभणार नाही आणि त्यातून निष्पन्न काही होत नाही.

चपलेची हकीकत वाचली. ती पायांच्या दुखण्याशी जोडण्याचा मोह परेशला होईल, म्हणून त्याला सांगू नकोस. तू तिसरीत असताना दप्तर शाळेत आणि शाळेची घंटा घरी घेऊन आली होतीस, याला मी साक्षीदार आहे. वेंधळेपणा हा तुझा जुना गुण. त्याला वार्धक्याचे लक्षण म्हणणे हा सरळ सरळ हेत्वाभास होय.

आपला लोभ पूर्ववत, म्हणजे पुरेसा.
वासुदेव

तलासरी
२ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मशीन आले, कलमे आली. कलमे मी देवघराशेजारी लावली आहेत. बारकीच्या नातीला वाटले की आरती आहे.

रोज सकाळी वीस मिनिटे गुडघ्यांना आणि वीस मिनिटे तळपायांना लावते. गुडघ्यांना तिसऱ्या आकड्यावरच मुंग्या आल्या आणि मी कलमाप्रमाणे थांबले. दोन आठवड्यांत गुडघे खरेच हलके झाले आहेत. आता ओट्याच्या तीन पायऱ्या न थांबता उतरते. तळपायांच्या बाबतीतही तुझे पाचवे कलम अक्षरशः पाळते आहे. आणि तुला आनंदाची बातमी, की तळपायांची आग पार गेली. आता पायांना काही वाटत नाही.

पाड्यावर तुझ्या मशीनला 'शॉकवाली पेटी' म्हणतात. सोमी आणि नवशी रोज बघायला येतात. बारकीचे मत विरुद्ध आहे. माझा तळवा तांबडा दिसतो असे तिने दोनदा खुणेने सांगितले. मी म्हटले, ओटा गेरूने सारवला आहे, त्याचा रंग असेल. मला वाकून काही बघता येत नाही आणि तिला बाईंचे चुकले असे म्हणण्याची जुनी हौस आहे.

परेशला तू कळव. माझ्या म्हणण्यापेक्षा तुझ्या म्हणण्याला तो वजन देतो.

तुझ्या कलमांत लोभाचे कलम नव्हते, ते मी दहावे म्हणून लिहिले आहे.
वसू

मसोली
९ सप्टेंबर २०२४

चि. वसुमती हिस,
अ. उ. आ., या वेळी किंचित अभिमानासह.

तुझे पत्र हाती पडताच परेशला लिहिले. 'तुझ्या आईच्या पायांना आता काही वाटत नाही', हे तुझे वाक्य अवतरणचिन्हांत, तारखेसह उद्धृत केले आणि त्याखाली निष्कर्ष काढला: आधारविधान नाहीसे झाल्याने वापीचा प्रस्ताव नाहीसा होतो. चार ओळींचे पत्र आहे. माझ्या साऱ्या कारकिर्दीत इतकी नेटकी मांडणी मला क्वचितच साधली असेल. आपल्या बाबांना दाखवावे असे वाटले. ते असते तर एक शुद्धलेखनाची चूक काढून परत करते, पण निष्कर्षाला हात लावता येता ना.

उद्या सकाळी कीर्तीकडे जायचे आहे. तिलाही हे वाचून दाखवीन. टाचणीवाचून काम भागते हे तरुण माणसांना वेळीच कळलेले बरे.

विजयाच्या दिवशी लोभ मागू नये. तो आपण होऊन येतो.
वासुदेव

मसोली, १० सप्टेंबर
सुनिलच्या हाती

वसू,

मशीन बंद कर. पायाला पुन्हा लावू नकोस. पत्र वाचून होताच बारकीला हाक मार आणि तिला तुझे दोन्ही तळवे उजेडात बघायला सांग. तिथे काही असेल तर त्याला पाणी, हळद, तेल, काही लावू नकोस आणि पायावर चालू नकोस. सुनिल शाळेची वेळ सोडून थांबायला तयार आहे, तो तुला दवाखान्यात नेईल. मी मिळेल त्या पहिल्या गाडीने येतो.

कारण भेटल्यावर सांगतो. चूक माझी आहे.

दादा

मसोली
१५ सप्टेंबर २०२४

चि. परेश यास,
वासुदेवमामाचे आशीर्वाद, घेण्याजोगे वाटल्यास.

फोनवर तुला त्रोटक सांगितले, ते आता क्रमाने लिहितो. ९ तारखेस मी तुला पाठवलेले पत्र मागे घेत आहे. त्यातले अवतरण बरोबर होते, अर्थ चुकीचा होता.

दहा तारखेस मी कीर्तीला तुझ्या आईचे पत्र मोठ्या रुबाबात वाचून दाखवले. ती हातातले काम ठेवून मला म्हणाली, "काका, दुखत नाही म्हणाल्या, की कळत नाही म्हणाल्या?" मग विचारले, कितीव्या आकड्यावर. मला ठाऊक नव्हते. परंतु माझे पाचवे कलम मला तोंडपाठ होते, आणि ते मनात म्हणताच उत्तर मिळाले. वाटेपर्यंत वाढवावे. ज्या पायाला वाटतच नाही, त्याला हे कलम कुठेही थांबवत नाही.

तुझ्या आईच्या तळपायांची संवेदना साखरेमुळे गेली आहे. आग कमी झाली ती बरे होऊन नव्हे, नसा मुक्या होऊन. गोधडीवर चालल्यासारखे होते असे तिने मला लिहिले होते. चप्पल सुटलेली कळली नाही, हेही लिहिले होते. त्यावर मी तिला ती तिसरीत असतानाचे दाखले दिले. बारकीने तळवा तांबडा असल्याचे सांगितले, तेही पत्रात होते. अक्षर न शिकता बालवाडी सोडलेल्या त्या बाईला जे दिसले, ते मला तिच्या पत्रांत वाचता आले नाही. एका शब्दाचे दोन अर्थ आणि त्यांतून होणारी फसगत, यावर मी दर वर्षी जुलैत तीन व्याख्याने देत असे.

आणि कीर्तीची ती टाचणी नेमकी याचसाठी होती. चकती लावण्याआधी कातडीला कळते की नाही हे पाहायचे असते. कळत नसेल तिथे लावायचीच नसते. मी तो विधी समजून वगळला.

मी पोचलो तोवर सुनिलने तिला दवाखान्यातून परत आणले होते. डाव्या तळव्यावर, चकतीच्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढी भाजल्याची जखम होती. एक चकती अर्धवट सुटली होती आणि काटा पंधरावर होता. फोड फुटला होता आणि त्या पायाने ती चार दिवस घरभर वावरली होती. डॉक्टरांनी या वेळी मुखपट्टी काढून, तिच्या समोर बसून सांगितले. वेळेवर आलात, आणखी आठवडा गेला असता तर बोट किंवा त्याहून अधिक काही काढावे लागले असते. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आले असते. पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहत ती एवढेच म्हणाली, "दादा, मी नुसती पाय आहेत अशा समजुतीवर चालत होते रे."

तू या घटनेचा उपयोग वापीच्या बाजूने करशील आणि तो तुझा हक्क आहे. माझी विनंती इतकीच, की हा पुरावा माझ्याविरुद्ध आहे, तिच्याविरुद्ध नाही. तिने दिलेला नियम पाळला. नियम मूर्खाने लिहिला होता. डॉक्टरांचे म्हणणे असे, की जखम भरेल, गुडघ्यांचा व्यायाम चालू राहील, ती चालेल. मात्र तिचे तळवे रोज कोणीतरी डोळ्यांनी पाहिले पाहिजेत, कारण ते आता स्वतः तक्रार करणार नाहीत. बारकी पहाटे चिकूच्या वाडीत कामाला जाते. तू आणि सूनबाई वापीला आठला घर सोडता. मी निवृत्त आहे, विधुर आहे, मला चष्म्याने स्वच्छ दिसते. तुझी परवानगी असेल तर मी तलासरीला राहून हे काम करीन. हा युक्तिवाद नाही, अर्ज आहे.

राग आहे तोवर असू दे. लोभ नंतर पाहू.
वासुदेवमामा

तलासरी
२६ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जखम भरत आली आहे. पट्टी आता दिवसाआड. परेश रविवारी आला होता. तुझे पत्र त्याच्या खिशात होते. त्याने ते मला दिले आणि मी वाचेपर्यंत ओट्यावर जाऊन बसला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण बोलला बापासारखे मोजकेच. कागदावर लिहून दाखवले, की मामा रोज पाय बघणार असेल तर संक्रांतीपर्यंत इथेच राहा, मग डॉक्टर काय म्हणतात ते पाहू. खाली सहीही केली. तुझा भाचा शोभतो.

म्हणजे आता सगळे माझ्यावर आले, आणि दादा, मला ते जमायचे नाही. थोरल्या भावासमोर पाय पसरून बसू नये, हे आईने आपल्याला शिकवले, आणि बहात्तर वर्षांत मी ते एकदाही मोडले नाही. त्या दिवशी दवाखान्यातून आले तेव्हा सुद्धा तू खोलीत शिरताच मी पाय चादरीखाली घेतला. जखम तू पाहिलीस ती सुनिलने चादर उचलली म्हणून. आता तू रोज सकाळी माझा तळवा हातात घेऊन बसणार, चष्मा नाकावर ओढून. तुझा हात माझ्या पायाला लागला की मला तुला नमस्कार करावा लागणार, आणि वाकायला गुडघे तयार नाहीत. मग मी दिवसभर नमस्कार राहिला म्हणून खंतावणार. हसू नकोस. बारकीसमोर पाय करताना मला काही वाटत नाही (म्हणजे लाज वाटत नाही, आता सगळे स्पष्ट लिहिणे आले), पण तुझ्यासमोर वाटते.

शिवाय तू चहाआधी वाद घालतोस. शिवाय मसोलीचे घर बंद ठेवणार का? शिवाय तुझा हात अजून पुरता बरा नाही, कीर्तीच्या खेपा बुडतील. ही सगळी कारणे मी सुचतील तशी लिहिते आहे. तू प्रत्येकाला उत्तर देशील हे ठाऊक आहे. उत्तर देऊ नकोस असे म्हणत नाही, पण ही गोष्ट तू जिंकलास तर मला आवडणार नाही.

माया करतोस, तेवढ्यावर थांब.
वसू

मसोली
३० सप्टेंबर २०२४

चि. वसुमती हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद, पूर्ण अक्षरांत.

तुझ्या चार आक्षेपांना मी काल रात्रीपर्यंत सात उत्तरे काढली होती. त्यांतली पाच निर्दोष आहेत. आज सकाळी कीर्तीकडे गेलो, खांद्याचे व्यायाम कागदावर उतरवून घेतले, आणि तळव्यांकडे कसे पाहायचे ते तिच्याकडून शिकलो. तिने आपला पाय पुढे केला आणि माझ्याकडून चार वेळा करून घेतले: टाच, कड, चवडा, मग प्रत्येक दोन बोटांमधली जागा. तिसऱ्या खेपेला मी एक बोट विसरलो. ती म्हणाली, काका, पुन्हा. मी पुन्हा केले. कारण विचारले नाही.

घरी येऊन ती सात उत्तरे फाडली. तुला लाज वाटते, याला माझ्याकडे उत्तर नाही. मला असे वाटते, की ते नसावेच.

मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. पाय धुऊन, कोरडे पुसून ओट्यावर उजेडात बस. तू डोळे मिटून घेतलेस तरी चालेल. मीही आधी थोडा वेळ इकडेतिकडे पाहीन.

यापुढे मी तिथेच असेन, तेव्हा पत्र येणार नाही.

तुझा
दादा